इडलीपात्रातले नटबोल्ट

बेळगावात खोली शोधताना मी अकरा घरमालकांना मुलाखती दिल्या. पहिल्या दहांनी आडनाव विचारलं. आडनावानं ज्यांचं समाधान झालं नाही त्यांनी गाव विचारलं, आणि गावानंही ज्यांचं भागलं नाही त्यांनी घरात काय काय शिजतं ते विचारलं. मी निपाणीजवळच्या बोरगावची, बौद्ध घरातली. त्यामुळे हे प्रश्न कुठल्या क्रमानं येतात ते मला पाठ होतं. अकरावे घरमालक अनगोळातल्या एका बैठ्या घराच्या अंगणात, गाडीच्या उघड्या बॉनेटमध्ये डोकं खुपसून उभे होते. डोकं बाहेर न काढताच त्यांनी विचारलं, "हेअर ड्रायर हाय काय तुमच्याकडं?"

"आहे."

"चालू हाय?"

"हो."

"मग सामान कवा आणताय?"

हे आप्पा. पुढं तीन वर्षं मी त्यांच्या मागच्या खोलीत राहिले, आणि त्या तीन वर्षांत माझा हेअर ड्रायर माझ्या केसांना फार तर दहा वेळा लागला असेल. उरलेला काळ तो गाडीच्या सेवेत होता. दारावरचा जुना स्टिकर ऊब देऊन सोडवायचा, प्लास्टिकच्या बंपरला पोचा पडला की तो गरम करून आतून ढकलायचा, असली कामं त्याच्याकडं असायची. मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. सकाळी ओल्या केसांनी कामावर जायची मला इतकी सवय झाली की आज कोरड्या केसांनी गेले तर चुकल्यासारखं वाटतं.

राहायला आल्यावर पहिल्याच सकाळी दार उघडलं, तर आप्पा गाडीपाशी लाटणं घेऊन उभे. लाटण्याचं एक टोक चालू इंजिनावर टेकवलेलं, दुसरं कानाला लावलेलं, डोळे मिटलेले. मी नमस्कार केला तर त्यांनी बोट वर करून मला गप्प केलं. मिनिटभरानं डोळे उघडून म्हणाले, "बरी हाय आज." मग लाटणं लेंग्याला पुसलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत दिलं. आतून बांगड्या भरलेला एक हात आला आणि लाटणं घेऊन गेला. नळाखाली काहीतरी धुतल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं चपात्या लाटल्याचा.

तो हात आक्काचा, म्हणजे आप्पांच्या बायकोचा. खिडकीतून बाहेर जाणाऱ्या आणि खिडकीतून आत येणाऱ्या वस्तूंवर त्या घराचा संसार चालला होता.

आप्पांनी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत तीस-पस्तीस वर्षं लाकडी साचे केले. लोखंड ओतायच्या आधी त्याचा लाकडाचा जुळा भाऊ तयार करावा लागतो, ते काम. तिथं त्यांचं हत्यारांचं स्वतंत्र कपाट होतं म्हणे, प्रत्येक पटाशीला नंबर आणि प्रत्येक नंबराला खिळा. एवढ्या हत्यारांत आयुष्य काढलेल्या माणसाच्या घरात मात्र गाडीबरोबर आलेला जॅक आणि चाकाचा पाना सोडला तर धड स्क्रू-ड्रायव्हरही नव्हता. मी एकदा मोठ्या उत्साहानं म्हटलं, "आप्पा, हल्ली घरपोच मिळतो पान्यांचा सेट, मागवू का?" त्यावर माझ्याकडं त्यांनी असं बघितलं, जसं काही मी त्यांना घरपोच बायको मागवू का विचारलं होतं.

"हत्यार इकत मिळत न्हाय गं पोरी," ते म्हणाले. "सापडतंय. बाजारातल्या पान्याला एकच काम येतंय. उलथण्याला काय बी येतंय."

त्यामुळे आप्पांच्या नजरेला कुठलीच वस्तू नुसती वस्तू दिसायची नाही. पाहुणा घरात आला की ते आधी त्याच्या पिशवीकडं बघायचे आणि मग तोंडाकडं. दाढीचा छोटा आरसा त्यांनी डावाच्या दांड्याला सुतळीनं बांधला होता, तो इंजिनाच्या खालच्या बाजूला काय चाललंय ते बघायला. बिघडलेल्या रेडिओतलं लोहचुंबक पायमोज्यात घातलं होतं, ते हातातून निसटलेला स्क्रू हुडकायला. तेल कुठून गळतंय ते कळेना तेव्हा त्यांनी इंजिन पुसून कोरडं केलं, आक्काचा पावडरचा डबा आणून सगळ्या इंजिनाला पावडर लावली आणि गाडी चालू करून समोर मांडी ठोकून बसले. पांढऱ्या पावडरीवर जिथं पहिला काळा ओघळ आला तिथं बोट ठेवून म्हणाले, "सापडलीस." त्या दिवशी आख्ख्या गल्लीला चाफ्याचा वास येत होता.

इडलीपात्राची गोष्ट तर अनगोळात सगळ्यांना ठाऊक आहे. एखादा भाग खोलला की त्याचे नटबोल्ट आप्पा इडलीपात्राच्या खळग्यांत क्रमानं मांडायचे. पहिला खोललेला पहिल्या खळग्यात, दुसरा दुसऱ्यात. बसवताना उलट्या क्रमानं यायचं. एकदा आक्काच्या हाताखालची कामाची बाई नवी होती. तिनं ते पात्र घासायचं समजून पालथं केलं आणि सगळे नटबोल्ट एका वाटीत गोळा करून वर "आप्पा, तुमचे खिळे ठेवले हो बाजूला" असं सांगितलं. आप्पा त्या वाटीसमोर दोन दिवस बसून होते. तिसऱ्या दिवशी गाडी चालू झाली, पण दोन नट उरले. ते दोन नट त्यांनी देवघरात ठेवले. का, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "कुठले हैत ते त्यालाच ठाव."

आक्कानं त्या दिवशीच इडलीपात्रावर पाणी सोडलं. तेव्हापासून त्या घरात इडल्या वाट्यांत व्हायच्या आणि पाहुण्यांना त्या चपट्या का, ते समजावून सांगावं लागायचं. बाकीच्या वस्तू मात्र कराराप्रमाणे परत यायच्या. करार असा होता, की आप्पांनी न विचारता काहीही न्यावं, पण दिवस मावळायच्या आत ते घासून जागेवर आलं पाहिजे. आप्पा तो पाळायचेही. अपवाद एकच. ग्रीस भरायला ते मेंदीचे रिकामे कोन वापरायचे, कारण कोनाचं टोक कुठल्याही सांध्यात शिरतं. असा एक भरलेला कोन त्यांनी फ्रिजमध्ये ठेवला, आणि माझ्या मैत्रिणीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी तो माझ्या हाती लागला. तिच्या तळव्यावर मी कमळाच्या दोन पाकळ्या काढल्यावर ती म्हणाली, "वास कसला गं येतोय, ट्रॅक्टरचा?" आप्पांनी तिची माफी मागितली नाही. तळवा निरखून बघितला आणि म्हणाले, "रेघ बारीक आलीया. भोक चांगलं पडलंय कोनाला."

गाडीशी बोलायची त्यांची पद्धत ठरलेली होती. शिव्या दोन्ही भाषांत, लाड मात्र फक्त कन्नडात. गॅरेजला का नेत नाही असं कुणी विचारलं तर त्यांचं उत्तर तयार असायचं, "आजारी माणसाला परक्याच्या दारात ठेवतंत काय?" आक्का गाडीला 'पाहुणी' म्हणायची. "घरात जे काय बरं असतंय ते पाहुणीला," असं म्हणत ती खिडकीतून सांडशी बाहेर द्यायची. पण द्यायची, आणि बऱ्याचदा आप्पांनी मागायच्या आधी द्यायची. हे माझ्या डोळ्यांसमोर रोज होत होतं आणि मला त्यात काही विशेष दिसलं नाही. ड्रॉइंग वाचायचे मला पैसे मिळतात, माणसं वाचायचे नव्हेत, अशी मी स्वतःची समजूत घालते.

माझी आई एकदा चार दिवस राहायला आली. तिनं जन्मभर विड्या वळल्या. आता सोडल्यात, पण विडीचं तोंड मिटायची तिची बोटभर लोखंडी पट्टी अजून तिच्या कनवटीला असते, सवयीनं. तिनं ती पानाला चुना लावायला काढली आणि आप्पांनी बघितली. झालं. ते समोर येऊन बसले.

"ही काय म्हणायची वैनी?"

आईनं सांगितलं. पन्नास वर्षांच्या घासण्यानं ती पट्टी पत्र्याहून पातळ झाली होती. आप्पांनी ती दोन बोटांत धरून उजेडात फिरवली, मग अंगणात जाऊन गाडीच्या प्लगची फट मोजायला तीत घालून बघितली. बरोब्बर बसली. ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून आईनं पट्टी मागितलीच नाही. बोरगावला गेल्यावर ती सगळ्यांना सांगत होती, "माझ्या हत्याराला बेळगावात नोकरी लागली."

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या भागात हत्यारांची पूजा असते. उद्यमबागेत त्या दिवशी लेथवरसुद्धा झेंडूच्या माळा दिसतात, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीच्या चाकाखाली लिंबू. आमच्या घरी हा सण नव्हता, त्यामुळे पहिल्या वर्षी मी कुतूहलानं आप्पांची पूजा बघायला गेले. पाटावर लाल कापड अंथरलं होतं आणि त्यावर हळदकुंकू लावून, फुलं वाहून मांडलं होतं ते असं: लाटणं, उलथणं, सांडशी, तवा, चुलीची फुंकणी, इडलीपात्र, पावडरचा डबा, आईची पट्टी. आणि मधोमध, सगळ्यांत मोठं फूल डोक्यावर घेऊन, माझा हेअर ड्रायर.

पूजेत मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी सोनं लुटून होईपर्यंत उचलायचं नाही, असा रिवाज आहे. म्हणजे त्या घरात त्या दिवशी स्वयंपाक बंद. लाटणं नाही, तवा नाही, करणार काय? मला आधी आक्काची कीव आली. नंतर बघितलं तर आक्काच आतून एकेक वस्तू आणून देत होती. "हे ऱ्हायलं बघा तुमचं," असं म्हणत तिनं कुकरसुद्धा आणून ठेवला. आप्पा म्हणाले, "कुकर मी कवा वापरला?" ती म्हणाली, "वापरशीला की उद्या. असू द्या."

स्वयंपाकाची सुट्टी घेऊन ती माहेरी जायची. खानापूरच्या पुढं, रानाच्या कडेला, भाताच्या वाफ्यांमध्ये तिच्या भावाचं घर आहे. पूजा झाली की हार घातलेल्या गाडीतून दोघं निघायची, दुपारी भावाच्या पंगतीला जेवायची आणि संध्याकाळी परत यायची. वर्षातून एवढा एक दिवस. भाऊ तिच्याहून चौदा वर्षांनी मोठा, त्याची बायको गेलेली, आणि बहीण आल्याशिवाय तो त्या दिवशी ताटावर बसत नसे.

आप्पांचा तो रिवाज वरवरचा नव्हता. दुसऱ्या वर्षी खंडेनवमीला माझ्या न्हाणीतला नळ तुटला आणि पाणी धो धो वाहायला लागलं. आप्पा आले, बघितलं, हात पाठीमागं बांधून म्हणाले, "उद्या." दीड दिवस मी बादल्या लावत होते. चिडून मी आक्काकडं गेले तेव्हा तिनं सांगितलं. आप्पांच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धी आहेत, ती मी बघितली होती, पण कधी विचारलं नव्हतं. फौंड्रीत एका खंडेनवमीला साहेबानं अर्जंट म्हणून पूजेतली पटाशी उचलायला लावली. आप्पा नको म्हणत होते. तासाभरात दोन बोटं गेली. "तवापास्नं त्या दिवशी ते साधी सुई उचलत न्हाईत," आक्का म्हणाली. मी गुपचूप खोलीवर येऊन बादली बदलली.

तिसऱ्या वर्षी, नवरात्र बसायच्या आधी, आक्काच्या भावाचा फोन आला. पावसाळ्यात त्याला पडून दुखापत झाली होती. पुण्याचा मुलगा आता त्याला कायमचा घेऊन चालला होता. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी घराला कुलूप. "खंडेनवमीला ये," भाऊ म्हणाला होता, "शेवटचं जेवू इथं." हे सांगताना आक्का भाजी निवडत होती आणि तिनं देठांसकट सगळी भाजी चिरून टाकली. या वेळी तिनं मलाही चल म्हटलं. मला दसऱ्याला धम्मचक्र दिनासाठी बोरगावला जायचं होतं, खंडेनवमी मोकळी होती, म्हणून हो म्हटलं.

आप्पांना त्या जाण्याचं महत्त्व कळत होतं, आणि घोळ तिथंच झाला. शेवटची फेरी म्हणून त्यांनी गाडीला कधी नव्हे अशी अंघोळ घालायचं ठरवलं. दर वर्षी ते वरून धुवायचे. या वर्षी बॉनेट उघडून, नळाला पाइप लावून, इंजिनालाही न्हाऊ घातलं. "काळजाला अंघोळ न्हाय घातली तर नुसतं तोंड धुऊन काय उपेग?" मग हार, हळदकुंकू, चार चाकांखाली चार लिंबं. पाटावर हत्यारांची पूजा. आरती झाली. आक्का ठेवणीतलं लुगडं नेसून, भावासाठी बांधलेला लाडवांचा डबा मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली. आप्पांनी किल्ली फिरवली. गाडीनं कुथल्यासारखा आवाज केला आणि गप्प झाली.

दहा वेळा किल्ली फिरवली. दहा वेळा तेच. आप्पा खाली उतरले, बॉनेट उघडलं, आणि हात पाठीमागं बांधून उभे राहिले.

"आत पाणी गेलंय," ते म्हणाले. "उद्या बघतो."

"उद्या दादाचं सामान बांधायचं हाय. परवा कुलूप," आक्का गाडीतूनच म्हणाली.

मी ओळखीच्या दोन गाडीवाल्यांना फोन केले. एक गोव्याला गेला होता. दुसरा म्हणाला, "मॅडम, आज गाडीला सुट्टी, पूजा झालीया." माझी स्कूटी होती, पण कमरेच्या ऑपरेशननंतर आक्काला दुचाकीवर बसता येत नव्हतं. बसनं खानापूर गाठता आलं असतं, पण पुढं सहा किलोमीटर रानातला रस्ता. मी आप्पांना म्हटलं, "सांगा मला काय करायचं, मी करते." तर म्हणाले, "हत्यार कशानं उचलशील? सगळी पूजेत हैत. तुला काय झालं तर तुझ्या आईला काय सांगू?" मला हसावं की रागवावं कळेना.

आक्का गाडीतून उतरली. डबा माझ्या हातात दिला, घरात गेली आणि पाटासमोर वाकली. एकेका वस्तूवरचं फूल उचलून तिनं स्वतःच्या केसांत खोचलं. मग उलथणं, सांडशी आणि फुंकणी पदरात घेऊन बाहेर आली.

आप्पा पुढं धावले. "अगं, ठेव ती. हात जाईल तुजा."

"तुमची हत्यारं असतील ही," आक्का म्हणाली. "माझी भांडी हैत. चाळीस वरसं हीच उचलते, अजून बोट गेलं न्हाय. सरका जरा."

आप्पा सरकले. तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि बॉनेटमध्ये वाकली. प्लगवरच्या रबरी टोप्या सांडशीनं एकेक ओढून काढल्या आणि खालच्या खोबणीत साचलेलं पाणी फुंकणीनं फुंकून उडवलं. मग सगळ्या प्लगना ठिणगी वाटून देणारी ती काळी डबी असते, तिची क्लिप उलथण्याच्या टोकानं उचकटली.

"दुसरी क्लिप खालच्या अंगाला..." आप्पा म्हणाले.

"ठाव हाय."

डबीचं झाकण तिनं घरात नेलं, पुरणाच्या मऊ फडक्यानं आतून टिपलं, तवा पाटावरून उचलून गॅसवर ठेवला आणि झाकण त्यावर हातभर उंच धरून शेकलं. आप्पा स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर उभे होते. तीन वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना त्या खिडकीतून आत बघताना पाहिलं. त्यांची नजर झाकणावर नव्हती, आक्काच्या बोटांवर होती, आणि ओठ हलत होते. मोजत होते की देवाचं नाव घेत होते, कोण जाणे.

सगळं परत बसवून आक्का म्हणाली, "मारा किल्ली."

गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. आप्पांनी खाली उतरून आधी तिचे दोन्ही हात बघितले, पालथे, उताणे. दहाच्या दहा बोटं होती. मग ते परत गाडीत बसले.

आम्ही पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. भाऊ ओट्यावर काठी धरून बसला होता, जेवला नव्हता. दादा म्हणतात त्याला सगळे. पानं मांडली, भात वाढला, आणि आप्पा मान खाली घालून म्हणाले, "उशीर झाला दादा. गाडी बंद पडलती. तुमच्या भणीनं चालू केली."

दादांना काहीच नवल वाटलं नाही. "व्हय, करंल की," ते म्हणाले. "हितलं इहिरीवरचं डिझेल इंजन हिच्याबिगर कुणाचं ऐकत न्हवतं. मी हँडल मारून मारून घामाघूम व्हायचो, आणि ही परकर खोचून यायची, पाइपला कान लावायची, कायतरी खुटखुट करायची, की लागलंच. ही सासरी गेली आणि इंजनबी मेलं."

आप्पांचा घास हातातच राहिला. "हे मला कुणी सांगिटलं न्हाय."

"बघाय आलतासा तवा तुमी काय इचारलं?" दादा भात कालवत म्हणाले. "भाकरी येतीया काय, एवढंच. आमी व्हय म्हटलं."

मागच्या दारी हात धुताना मी आक्काला गाठलं. "इतकी वर्षं का बोलला नाहीत तुम्ही?"

ती हसली. "काम सुटल्यावर नुसतं बसून असायचं बाई ते. हात मोकळं, तोंड वाकडं. मग मीच एकदा लाटणं दिलं. त्यास्नी वाटलं, त्यांनाच सापडलं. पुरुष माणसाला कायतरी सापडलं की लई बरं वाटतंय. सापडू दे की."

संध्याकाळी निघताना दादा काठी टेकत गाडीपर्यंत आले. काचेतून हात आत घालून त्यांनी आक्काच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "जा आता. उजेड हाय तवर जा." तिनं मागं वळून बघितलं नाही. वाफे संपले, रान संपलं, डांबरी रस्ता आला, तेव्हा ती समोर बघतच म्हणाली, "आता मला इचारणारं कोण ऱ्हायलं." ती आमच्यापैकी कुणाला सांगत नव्हती. मी मागच्या सीटवर रिकामा डबा धरून बसले होते आणि मला माझ्या आईची फार आठवण आली.

समजूत घालणं आप्पांना कधी जमलं नाही. खानापूर मागं पडल्यावर त्यांनी अचानक गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवून खाली उतरले आणि बॉनेट उघडलं. मला वाटलं, झालं, परत बंद पडणार.

ते आक्काच्या बाजूला आले आणि तिचं दार उघडून म्हणाले, "जरा खाली ये."

"काय झालं?"

"काय न्हाय. एक आवाज येतोय, मला कळंना झालाय. तू ऐक."

आक्का उतरली. दोघं बॉनेटवर वाकून उभी राहिली. बाजूनं उसाचा एक ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ खाली बसेपर्यंत ती ऐकत होती.

"पाण्याच्या पंपाचं बेरिंग हाय," ती म्हणाली. "गेल्या दिवाळीपास्नं वाजतंय."

आप्पांनी बॉनेट तसंच एका हातानं वर धरून ठेवलं होतं.

"आणि काय काय ऐकू येतंय तुला?" त्यांनी विचारलं.

आक्कानं पदरानं डोळे पुसले आणि सांगायला सुरुवात केली. अनगोळ आलं, गाडी अंगणात उभी राहिली, तरी तिचं सांगणं संपलं नव्हतं.